चुंबकाने होडी फुकट पळते का?

‘खाऱ्या पाण्याला चुंबक लावा, होडी इंधनाशिवाय पळेल, प्लाझ्मा (वीज वाहून नेणारा, विद्युतभारित कणांचा वायू) असेल तर आणखी जोरात’ हा मेसेज सोलापूरच्या ग्रुपांवरही वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

नुसतं चुंबक पाणी ढकलत नाही. पाण्यातून वीज जावी लागते आणि ऊर्जा त्या विजेचीच असते. घरी बघा: काचेच्या बशीत मिठाचं पाणी, पेन्सिलीची दोन शिसं, 9 व्होल्टची बॅटरी, बशीखाली जुन्या स्पीकरचं चुंबक, वर चिमूटभर मिरपूड. पूड सरकते. चुंबक पालथं केलं की उलटी सरकते. बॅटरी काढली की थांबते. (खिडकी उघडी ठेवा, थोडा क्लोरीन निघतो.)

आता माध्यम, म्हणजे वीज ज्यातून जाते ते: खारं पाणी, पारा की प्लाझ्मा. विजेचा प्रवाह तेवढाच, चुंबक तेवढंच, तर जोरही तेवढाच. फरक पडतो वाया जाण्यात आणि वजनात. पारा समुद्राच्या पाण्याच्या सुमारे 2 लाख पट वाहक, त्यामुळे पाण्यात बरीच वीज उष्णतेतच जाते. जपानमध्ये 1992 साली अशी बोट चालली. अतिवाहक (खूप थंड केल्यावर वीज अडथळ्याविना वाहू देणारी, म्हणून फार ताकदवान) चुंबकं असूनही वेग ताशी 15 किलोमीटरच्या आसपास. प्लाझ्मा हलका, म्हणून तो प्रचंड वेग घेतो, पण तो बनवायलाच ऊर्जा खर्च होते. अंतराळयानाला ते परवडतं. आपल्या सिद्धेश्वर तलावाचं पाणी तर समुद्राइतकं खारंही नाही. तिथे वीज आणखीच वाया जाईल.