रेघ उमटली नाही तर शेंगदाणे बाद

खवट दाणा फेकायचा आणि बाकीचे खरपूस भाजायचे, की काम झालं, असा समज घरोघरी आहे. तो धोकादायक आहे. अस्परजिलस फ्लेवस ही बुरशी शेंगदाण्यावर, मक्यावर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि चुलीवरच्या आचेने पुरतं नष्टही होत नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

हे विष जागेवर ओळखायला आता सोन्याच्या नॅनोकणांची पट्टी मिळते. ती दिसते कोरोनाच्या किटसारखी, पण वाचायची उलटी! मला तिचं सगळ्यात मोठं कौतुक इथेच वाटतं.

कोरोनाच्या किटमध्ये विषाणूचं प्रथिन मोठं असतं. एक अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच पकडणारं प्रथिन, त्याला एका बाजूने धरते, दुसरी दुसऱ्या बाजूने, आणि रेघ उमटते. अफ्लाटॉक्सिनचा रेणू मात्र अँटीबॉडीच्या सुमारे पाचशेपट हलका. एकट्याच्या पाटावर दोघं बसणार कसे? म्हणून रेघेच्या जागी अफ्लाटॉक्सिनच प्रथिनाला जोडून आधी चिकटवून ठेवतात. नमुना स्वच्छ असेल, तर सोन्याचे कण लादलेल्या अँटीबॉडी मोकळ्या हाताने तिथे पोचतात, अडकतात आणि लाल रेघ दिसते. नमुन्यात विष असेल, तर त्यांचे हात वाटेतच भरतात आणि त्या पुढे निघून जातात. रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. शेजारची दुसरी रेघ मात्र दोन्ही वेळा दिसलीच पाहिजे, नाहीतर पट्टीच खराब.

लाल रंग सोन्याचाच. २०-४० नॅनोमीटरच्या कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतात. उरतो तो लाल. सोन्याचं नाव ऐकून यात कुणी सुवर्णभस्माचे गुण शोधू नयेत. इथे सोनं औषध नाही, रंग आहे.

युरोपात थेट खायच्या शेंगदाण्यात किलोमागे फक्त ४ मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन चालतं. अडचण पट्टीची कमी, नमुन्याची जास्त आहे. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांतल्या एखाद्यातच ते ठासून भरलेलं असू शकतं. वरची मूठभर शेंग तपासून काहीच कळत नाही. अनेक पोत्यांतून, वरून-मधून-खालून दाणे काढायचे, एकत्र दळायचे, मिथेनॉल-पाण्यात घुसळून गाळायचे आणि तो अर्क पातळ करून मगच पट्टीवर थेंब टाकायचा.