टाकाची रेघ आणि खिळ्याचा चौकोन

निमंत्रणपत्रिकेवरची केसासारखी बारीक, उजवीकडे झुकलेली रोमन अक्षरं पाहिली की ती कुणीतरी सवडीनं, हातानं लिहिली असावीत असं वाटतं. अशा स्क्रिप्ट फॉन्टमागे सुमारे पाचशे वर्षांची एक झटापट आहे. लिहिताना एक अक्षर पुढच्याचा हात धरतं. छपाईचा खिळा, म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठसा, मात्र प्रत्येकाला आपापल्या चौकोनात कोंडतो.

१५०१च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियसच्या छापखान्यात तिरपं इटॅलिक आलं. ते हस्ताक्षरावर बेतलेलं होतं, पण अक्षरं सुटीच राहिली. १५५७मध्ये रॉबर्ट ग्रांजाँनं फ्रेंच हस्ताक्षराचा ‘सिव्हिलिते’ टाइप कोरला. तो देखणा असूनही फार रुजला नाही.

खरा नाजूकपणा खिळ्यांतून आलाच नाही, तो आला कित्त्यांतून. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या लेखनगुरूंचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. पत्र्यावर सलग रेघ कोरता येई, चौकोनांची अट नव्हती. जॉर्ज बिकमचा ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा असा मोठा संग्रह १७३३ ते १७४१ या काळात भागाभागांनी निघाला. टोकदार लेखणी खाली ओढताना दाबली की रेघ जाड होते, वर नेताना हात हलका झाला की ती धाग्याएवढी उरते. हे जाड-बारीक शोभेसाठी वरून चढवलेलं नाही, ते हाताच्या दाबाचंच रूप आहे. मला या अक्षरांत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

हे वळण खिळ्यांत उतरवणं जिकिरीचं होतं. शेपट्या खिळ्याबाहेर लोंबायच्या आणि मोडायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये फिर्मँ दिदोनं तिरक्या अंगाचे खिळे करून अक्षरं जोडण्याची वाट काढली. पुढे अमेरिकेत लेखनगुरू प्लॅट रॉजर्स स्पेन्सरचं वळण व्यापारी पत्रव्यवहारात पसरलं. १८८६चं कोका-कोलाचं नाव त्याच घाटातलं.

मग फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी अक्षरांच्या फोटोंनी मजकूर जुळवणं, आलं आणि खिळ्याचा चौकोनच गेला. मॅथ्यू कार्टरनं १९६६च्या सुमारास केलेल्या ‘स्नेल राउंडहँड’मध्ये अक्षरं सांधा न दिसता जुळली. संगणकावर आणखी एक उणीव भरून निघाली: माणूस दोन ‘ए’ कधीच हुबेहूब सारखे काढत नाही. हरमान झाफच्या १९९८च्या ‘झाफिनो’मध्ये एकेका अक्षराची अनेक रूपं आहेत, आणि आजूबाजूची अक्षरं पाहून त्यातलं रूप निवडणं ओपनटाइप या संगणकी फॉन्टच्या स्वरूपामुळे जमतं.

वापराचे संकेतही या इतिहासातूनच आले आहेत. नाव, शीर्षक, प्रमाणपत्र, अत्तराच्या बाटलीवरची चिठ्ठी अशा मोजक्या, मोठ्या शब्दांना हे अक्षर शोभतं. लहान आकारात बारीक रेघ हरवते, गडद पार्श्वभूमीवर पांढरी ठेवली तर शाईत बुजते. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवलं की जोड तुटतात. सगळा शब्द कॅपिटलमध्ये लिहिला तर तो वाचवतच नाही, कारण ती वेलांटीदार कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी उभी राहण्यासाठीच घडवलेली असतात.