पॅकेट की क्लिपर?

एकोणिसाव्या शतकातलं शिडाचं मोठं जहाज चित्रात दिसलं की आपण सरसकट ‘क्लिपर’ म्हणून मोकळे होतो. पण लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेला उतारू बहुधा क्लिपरवर, म्हणजे वेगासाठी बांधलेल्या जहाजावर, नसायचाच. निदान पैसेवाला तरी पॅकेटवर असायचा.

हे पॅकेट बिस्किटाचं नव्हे, पण पुडक्याशी नातं आहेच: टपालाची पुडकी नेणारं जहाज म्हणून ते नाव. त्याचा खरा गुण वेग नव्हे, तारीख. त्याआधीची व्यापारी जहाजं आपल्याकडच्या वडाप जीपसारखी. माल भरल्याशिवाय हलायची नाहीत. कप्तान ‘उद्या निघू’ म्हणायचा आणि उतारू खाणावळीचं बिल भरत बंदरात बसून राहायचे. न्यूयॉर्कच्या ब्लॅक बॉल लाइन या जहाज कंपनीनं ही रीत मोडली. ५ जानेवारी १८१८ रोजी, बर्फ पडत असतानाही, त्यांचं ‘जेम्स मन्रो’ ठरल्या दिवशी सुटलं. उतारू होते फक्त आठ.

सुटायचा दिवस पक्का, पोचायचा मात्र वाऱ्यावर. लिव्हरपूलकडे जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी, म्हणून साधारण साडेतीन आठवडे. परतताना तोच वारा तोंडावर. साडेपाच-सहा आठवडे सहज जात.

केबिनवाल्यांना ताजं दूध मिळावं म्हणून डेकवर गाय असे, शिवाय मेंढ्या नि कोंबड्या. खाली, दोन डेकांच्या मधल्या अंधारात, पूर्वेकडे जाताना माल रचलेला असे. परतीला तिथेच कच्च्या फळ्या ठोकून दुष्काळानं पळालेले आयरिश कोंबले जात. त्यांना शिधा मिळे कोरडा. तो डेकवरच्या चुलीवर पाळीपाळीनं शिजवायचा. वादळात झडपा बंद, चूल विझलेली, म्हणजे उपासच.

क्लिपरचं गणित वेगळं. अरुंद अंग, धारदार नाळ (म्हणजे पुढचं टोक), शिडांचा डोंगर. माल कमी मावायचा, पण चीनचा चहा किंवा कॅलिफोर्नियातल्या सोन्यामागे धावणाऱ्यांसाठीचा माल लवकर पोचवला की चढं भाडं मिळे. १८५१ मध्ये ‘फ्लाइंग क्लाउड’नं दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर नव्वद दिवसांच्या आत कापलं. दिशा आखत होती कप्तानाची बायको, एलेनर क्रीसी. उतारू मात्र मोजकेच. क्लिपरच्या हिशेबात ते वरकड.

गोंधळाला हातभार लावला लिव्हरपूलच्या जेम्स बेन्सनं. त्यानं ब्लॅक बॉल हे नाव आणि निशाणही सरळ उचललं (धाडस म्हणा की निलाजरेपणा) आणि ऑस्ट्रेलियाच्या सोन्यामागे निघालेल्या शेकडो लोकांना वेगवान जहाजांतून नेलं. त्यातलं गाजलेलं ‘मार्को पोलो’ही काटेकोर अर्थानं क्लिपर नव्हतंच.

१८३८ नंतर अटलांटिकवर आगबोटी नियमित धावू लागल्या. केबिनवाले हळूहळू तिकडे वळले. पॅकेटवर खालच्या फळ्यांवरची गर्दी तेवढी उरली. न्यूयॉर्कची ब्लॅक बॉल लाइन त्या भरवशावर १८७८ पर्यंत चालली.