सौरऊर्जेचा वापर : बेळगाव सीमाभाग

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या मराठी वस्तीच्या तालुक्यांत सौरऊर्जेचा वापर सारखा पसरलेला नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी यांच्यातला फरक निव्वळ उन्हाने पडलेला नाही. विजेची तार किती जवळ आहे आणि बिल कोण भरतो, यावर तो जास्त ठरतो.

पश्चिमेस खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील अथणी पर्जन्यछायेत आहे. राज्याच्या वीज महामंडळाने 2010 च्या सुमारास 3 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला तोही चिकोडी भागातील इटनाळला, म्हणजे कोरड्या बाजूला. उलट घरातल्या दिव्यासाठी सौरऊर्जेवर खरी भिस्त दिसते ती ढगाळ खानापुरातच. भीमगड अभयारण्याच्या परिसरातील गवाळी, कोंगळा, कृष्णापूर यांसारख्या दुर्गम गावांकडे जंगलातून तारा नेणे परवानग्यांमुळे अवघड ठरते. तिथे सौरदिवा म्हणजे पर्यावरणप्रेम नव्हे, दुसरा इलाज नाही म्हणून आणलेली वस्तू. आषाढात सलग आठवडाभर ऊन पडले नाही की बॅटरी उतरते आणि पुन्हा चिमणी लावावी लागते.

शेतीपंपांचे गणित वेगळे. कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे जुनी जोडणी असलेला शेतकरी पॅनेलकडे वळत नाही. त्याची तक्रार बिलाची नसतेच, वेळेची असते : पंपाला लागणारी थ्री फेज वीज सात तास, आणि तीही पुष्कळदा रात्री. सौरपंप दिवसा पाणी देतो, हे त्याचे मोठे आकर्षण. केंद्राच्या कुसुम योजनेतून (2019) मिळणारा सौरपंप मुख्यतः नव्या विहिरींसाठी आणि तारेपासून लांबच्या शिवारांसाठी आहे. पंपाच्या किमतीतला आपला वाटा कर्नाटकाने 50 टक्क्यांवर नेला. केंद्राचे 30 टक्के धरून शेतकऱ्याकडे 20 टक्के उरतात.

कृष्णाकाठच्या उसाला मात्र हा पंप पुरत नाही. नदीवरून कित्येक किलोमीटर पाइपलाइन टाकून पाणी उचलायला मोठ्या मोटारी लागतात. शिवाय पूर आला की मोटार काढून वर आणता येते, पॅनेलचा काँक्रीटमध्ये रोवलेला सांगाडा नाही. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेला शेतकरी काठावर पॅनेल बसवायला सहज तयार होत नाही.

दूधगंगा-वेदगंगेच्या पट्ट्यात सीमा ओलांडली की हिशेबच बदलतो. महाराष्ट्रातल्या कागल बाजूचा शेतकरी महावितरणचा ग्राहक. महाराष्ट्रात सौरपंपासाठी सर्वसाधारण गटाला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के रक्कम भरावी लागते. निपाणीकडचा शेतकरी हेस्कॉमचा, म्हणजे कर्नाटकाच्या वीज कंपनीचा ग्राहक, त्याला ती सवलत नाही. महाराष्ट्राने 2023 मध्ये कर्नाटकातील 865 सीमावर्ती गावांना आपली आरोग्य योजना लागू केली. पंपाची सवलत तशी देता येत नाही, कारण ती वीज कंपनी आणि सातबारा यांना बांधलेली असते. पाहुण्यांच्या शेतात पंप बघून आलेल्याला हे समजावणे कठीण जाते.

घरांच्या छतांवर बेळगाव शहरात पॅनेलपेक्षा पाणी तापवणारी टाकी अधिक रुळली आहे. राज्याने नव्या इमारतींना सौर हीटर सक्तीचा केला आणि बिलात युनिटमागे 50 पैसे, महिन्याला जास्तीत जास्त 50 रुपये सूट दिली. पावसाळ्यात हीटरचे पाणी कोमटही होत नाही, तेव्हा परसातला बंब पेटतो. वीज तयार करणारी पॅनेल छोट्या घरांत कमी दिसतात. जुलै 2023 पासूनच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंतची वीज, पूर्वीच्या सरासरी वापराच्या मर्यादेत, मोफत आहे. बिलच शून्य येत असेल तर छतावरच्या पॅनेलसाठी असलेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेचे 3 किलोवॅटसाठीचे 78,000 रुपये अनुदानही मोहात पाडत नाही. मोठे बंगले, मंगल कार्यालये, रुग्णालये यांचे तसे नाही. ती चढ्या दराने पैसे मोजतात.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनाही हेच लागू. पत्र्याच्या छपरावरील पॅनेलमधून लेथ, दिवे आणि कार्यालय यांचा दिवसाचा भार निघतो. फाउंड्रीची, विजेवर धातू वितळवणारी इंडक्शन भट्टी मात्र तेवढ्यावर चालत नाही, ती ग्रीडवरच राहते.