वाहता कान आणि तेलाचे दोन थेंब
‘लहान मुलांचे कान वाहायचेच, कोमट तेलाचे दोन थेंब सोडले की थांबतात,’ हा घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला समज चुकीचा आहे. नाकामागचा भाग आणि मधला कान यांना जोडणारी नळी लहान वयात आखूड व आडवी असल्याने सर्दीनंतर पडद्यामागे द्रव साचतो, संसर्ग झाल्यास त्याचा पू होतो आणि पडद्याला छिद्र पडून कान वाहू लागतो. अशा वेळी घातलेले तेल थेट मधल्या कानात उतरू शकते; म्हणून तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टरांनाच दाखवावे.

खरी फसवणूक मात्र न वाहणारा, न दुखणारा कान करतो. आत द्रव साचून राहिला की मुलाला ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतला फरक नीट कळत नाही, मागून मारलेल्या हाकेला ते वळत नाही, आणि घरचे त्याला हट्टी ठरवून मोकळे होतात. बहुतेकदा हा द्रव ३ महिन्यांत आपोआप ओसरतो, त्यामुळे एका संसर्गाने मूल बोलण्यात कायमचे मागे पडेल ही भीतीही अनाठायीच आहे. परंतु तो त्याहून अधिक काळ टिकल्यास श्रवणचाचणी टाळू नये.