लुमेन म्हणजे पल्ला नव्हे: डोंग्यावर न्यायच्या बॅटरीविषयी

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जोरदार बॅटरी मागितली की दुकानदार सर्वांत आधी ‘किती लुमेनची देऊ?’ असे विचारतो आणि गिऱ्हाईकही खोक्यावरचा मोठ्यात मोठा आकडा पाहून पैसे मोजून मोकळे होते. घरात, अंगणात किंवा शेतातल्या विहिरीवर एवढ्याने भागते. मात्र रामटेकजवळच्या खिंडसीवर किंवा भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर अंधारात डोंगा, म्हणजे लहान होडी, काढणाऱ्या माणसाला त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. समोरचा बुडालेल्या झाडाचा खुंट आपल्याला किती लांबून दिसेल, हा त्याचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर लुमेनमध्ये नसून कँडेलामध्ये असते. या दोहोंची गल्लत मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती एकदा सविस्तर सोडवणेच बरे वाटते.

लुमेन बहुतेकांना ठाऊक आहे. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून जेवढा प्रकाश बाहेर पडतो, त्याचे ते माप आहे. घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. यापलीकडे त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही.

कँडेला म्हणजे एका विशिष्ट दिशेला तो प्रकाश किती दाटीने जातो याचे माप. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदाराला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. फवारणीच्या गनची मूठ फिरवली की त्याच पंपाचे, जवळजवळ तेवढेच पाणी एकदा जवळच्या पानांवर तुषारांसारखे पसरते आणि एकदा सरळ धार होऊन झाडाच्या शेंड्यापर्यंत जाते. पंप मिनिटाला किती पाणी फेकतो हा लुमेनचा प्रश्न आहे, धार कुठवर पोहोचते हा कँडेलाचा. वर सांगितलेला ९०० लुमेनचा बल्ब कोणत्याही एका दिशेला जेमतेम शंभरेक कँडेला देतो. तोच प्रकाश खोल परावर्तकातून एका अरुंद झोतात आणला, तर कँडेलाचा आकडा काही हजारांत जातो आणि लुमेन मात्र एकानेही वाढत नाही. उलट परावर्तकात आणि काचेत थोडे कमीच होतात.

आता पल्ल्याचा हिशेब पाहू. बॅटऱ्यांच्या मोजमापासाठी २००९ मध्ये आलेल्या एफएल १ या अमेरिकी मानकात पल्ला म्हणजे ज्या अंतरावर उजेड ०.२५ लक्सपर्यंत उतरतो ते अंतर, अशी व्याख्या आहे. (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो याचे माप.) त्यावरून निघणारे सूत्र तोंडी करता येण्याइतके सोपे आहे: कँडेलाचे वर्गमूळ काढायचे आणि दुप्पट करायचे. १०,००० कँडेलाचे वर्गमूळ १००, म्हणून पल्ला २०० मीटर. ४०,००० कँडेलाचा पल्ला ४०० मीटर. म्हणजे पल्ला दुप्पट हवा असेल तर कँडेला चौपट लागतात. या सूत्रात लुमेन कुठेही येत नाहीत. म्हणूनच २,००० लुमेन आणि १०,००० कँडेला असलेली बॅटरी ६०० लुमेन आणि ४०,००० कँडेलाच्या बॅटरीपुढे लांबच्या कामात निम्मीच ठरते. पन्नास मीटरवरच्या खुंटावर पहिलीचा उजेड ४ लक्स पडतो आणि दुसरीचा १६ लक्स.

हाच हिशेब उलटाही करता येतो आणि खोक्यावरच्या थापा पकडायला त्याचा फार उपयोग होतो. छापलेल्या पल्ल्याचे निम्मे करून त्याचा वर्ग केला की लागणारे कँडेला मिळतात. ३०० मीटर लिहिले असेल तर २२,५०० कँडेला हवेत, आणि तेवढे मनगटाएवढ्या जाड बॅटरीतून मिळू शकतात. पण अंगठ्याएवढ्या तोंडाच्या स्वस्त बॅटरीवर ‘२ किलोमीटर’ लिहिलेले असेल, तर तिला दहा लाख कँडेला लागतील, आणि ते खोके परत फळीवर ठेवावे.

छापील पल्ला खरा असला तरी तो जसाच्या तसा धरू नये. ०.२५ लक्स म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तेवढ्यात पांढरा थर्माकोल ओळखू येईल, पण ओला, काळा, पाण्याबाहेर वीतभर निघालेला खुंट ओळखू येणार नाही. शिवाय डोंग्यात बसलेल्या माणसाचा झोत पाण्याला तिरपा लागून पुढे निसटतो, त्यामुळे पाणी काळेच राहते. मी स्वतः छापील पल्ल्याचा तिसरा हिस्साच कामाचा मानतो.

कँडेला वाढतात ते दोन गोष्टींनी: लहान, पण अतिशय तेजस्वी एलईडी आणि रुंद, खोल परावर्तक. एलईडी तोच ठेवून परावर्तकाचे तोंड दुप्पट रुंद केले, तर कँडेला साधारण चौपट होतात. म्हणून दुकानात बॅटरी बंद ठेवून तिच्या तोंडात डोकावावे. आत एकच बारीक पिवळा ठिपका आणि भोवती गुळगुळीत, खोल वाटी दिसली तर ती लांबची बॅटरी. चार-सहा ठिपके उथळ वाट्यांमध्ये दाटीने बसवलेले दिसले तर ती पसरट उजेडाची. खोक्यावर तिचे लुमेन कितीही लिहिलेले असोत, तिचा स्वभाव बदलत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून खोक्यावर २०,००० लुमेन लिहिलेली बॅटरी मी मोठ्या हौसेने आणली आणि डिसेंबरातल्या एका पहाटे, तलावावर धुके उतरलेले असताना, ओळखीच्या ढिवर काकांच्या डोंग्यातून जाळ्यांकडे निघालो. बटण दाबताच समोर दुधासारखी पांढरी भिंत उभी राहिली. डोंग्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, तिच्यावरचा ओला दोर आणि काकांची पाठ एवढेच लख्ख दिसत होते. ‘भाऊ, ते बंद करा आधी, काही दिसून नाही राहिलं,’ असे म्हणत काकांनी वल्हे थांबवले. बंद केल्यावरही बराच वेळ मला काहीच दिसेना, कारण अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मी तो सराव एका क्षणात घालवला होता.

धुक्याचा प्रत्येक थेंब थोडा उजेड आपल्याकडे परत फेकतो. पसरट उजेड डोळ्यांसमोरच्या सगळ्या धुक्याला पेटवतो, शिवाय डोंग्याच्या कडांवर पडून तिथूनही डोळ्यांत येतो. अरुंद झोत धुक्याचा अरुंद पट्टाच उजळतो आणि त्याच्या बाजूने पलीकडचे पाहता येते. त्यातही बॅटरी डोळ्यांजवळ न धरता हात लांब करून, डोंग्याच्या कडेबाहेर आणि खाली धरली तर फरक लगेच जाणवतो. दाट धुक्यात मात्र कोणतीच बॅटरी कामाची नाही. ‘पिवळा उजेड धुके फाडतो’ हेही खरे नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे ते सगळ्या रंगांना जवळपास सारखेच विखुरतात.

दुकानदार तीन फुटांवरच्या भिंतीवर झोत मारून दाखवतो, त्याची मला चीड आहे. तीन फुटांवर कोणतीही बॅटरी सूर्यच वाटते. शक्य असेल तर रात्री गच्चीवर जाऊन शंभर मीटरवरच्या झाडावर दोन बॅटऱ्या आळीपाळीने माराव्यात. तोंड पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करणाऱ्या बॅटऱ्या मी डोंग्यावर नेत नाही, कारण सरकत्या जोडातून हवेबरोबर पाणीही आत जाते. लुकलुकणारा झोत पार केल्याशिवाय बंदच न होणारी बॅटरी तर कुणी फुकट दिली तरी नको.

बाकीच्या बाबी थोडक्यात. पाणी आत न शिरण्याची आयपीएक्स ७ ही श्रेणी म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढे पुरे. बॅटरी तरंगत नसेल तर मनगटाला दोरी हवीच. १८६५० आकाराच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चार्ज होणाऱ्या सेलवर ९,९०० एमएएच क्षमता लिहिलेली असेल तर ते खोटे आहे. या आकारात ३,५०० च्या आसपास मर्यादा येते. जाळ्याच्या खुंट्यांना रेडियमची पट्टी चिकटवावी, ती माफक झोतातही लांबून चमकते.

पसरट उजेड अगदीच टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. जाळ्यातली मासोळी सोडवायला, गाठ मारायला कपाळावरचा शंभरेक लुमेनचा पसरट दिवा झोताच्या बॅटरीपेक्षा केव्हाही बरा. आपण दुसऱ्याला दिसण्यासाठीही तीव्र झोत लागत नाही. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत वल्ह्यांच्या होडीला दिवे लावलेले नसल्यास पांढऱ्या उजेडाची बॅटरी किंवा पेटता कंदील हाताशी ठेवून वेळेत दाखवण्याची मुभा आहे. त्यासाठी बॅटरी समोरच्याच्या डोळ्यांत मारण्यापेक्षा स्वतःच्या डोंग्यावर मारावी.

हल्ली माझ्याकडे ६०० लुमेन आणि ४०,००० कँडेलाची एक बॅटरी आणि कपाळावरचा एक दिवा असतो. ती २०,००० लुमेनवाली घरीच असते. वीज गेली की आम्ही ती टेबलावर छताकडे तोंड करून उभी ठेवतो, आणि सगळी बैठकीची खोली उजळून निघते.