भीमथडीचं तट्टू आणि वैरणीचा हिशेब

दिवाळी सरली की फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ धनगर कोकणाच्या वाटेला लागतात. पुरुष मेंढरांमागे चालतात आणि बायका लादलेली घोडी घेऊन पुढचा मुक्काम गाठतात. घोडीच्या पाठीवर अख्खा संसार असतो: वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), भांडी, धान्य, वर बांधलेल्या कोंबड्या, नुकतंच जन्मलेलं कोकरू, कधी तान्हं पोरही. हे घोडं बहुतेक वेळा भीमथडीचं, म्हणजे भीमेच्या काठचं. बिनरस्त्याच्या मुलखातली दख्खनची जुनी चाल आज पाहायची असेल तर ती धनगरांच्या या वाड्यांबरोबरच, म्हणजे फिरत्या तळांबरोबरच, पाहायला मिळते.

गावठी तट्टांशी अरबी आणि तुर्की रक्ताचा संकर होऊन ही जात घडली, असं मानतात. उंचीला बेताचं, पण काटक आणि चढउताराला पक्क्या पायाचं. मुख्य म्हणजे थोड्या चाऱ्यावर निभावणारं. मराठी फौजांचा वेग आपण स्वाराच्या धाडसाच्या खाती मांडतो. मला त्यातला मोठा वाटा या अल्पसंतुष्ट जनावराचा वाटतो.

कारण सह्याद्रीत चाकाला वाटच नव्हती. माल बैलाच्या पाठीवरून जाई, माणूस पायी किंवा घोड्यावरून. बोरघाटाची वाट १८०४ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तोफा नेण्यासाठी सुधारली, पण गाडीरस्ता रीतसर खुला झाला तो १८३० मध्ये, माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. तोवर किती मजल मारायची हे पाणी आणि वैरण ठरवत असे. म्हणूनच स्वाऱ्या दसऱ्याला निघायच्या आणि पावसाळ्याआधी परतायच्या.

हा हिशेब किती बारीक असे, ते शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांना, धाडलेल्या पत्रात दिसतं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मनाला येईल तसं उडवलंत, तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जातं. प्रत्येक वेळी वाचताना मी त्या उंदरापाशी थांबतो. राज्य उभं करणारा माणूस गवताच्या काडीचा विचार करत होता.

घोडं कोणाचं, यावर स्वाराची पायरी ठरे. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पागा मोडल्या. पुढे घाटातून रस्ते आणि आगगाडी आली आणि भीमथडीच्या घोड्याची मागणी ओसरली. ही जात टिकली ती मुख्यतः धनगरांच्या वाड्यांत. भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली ती अगदी अलीकडे. वाटेवरची गायरानं मात्र कमी होत चालली आहेत, आणि धनगर बायका आजही घोडी सोडतात ती आधी गवत बघूनच.